अठराव्या गाठीनंतर

वारणाकाठ कर्करोग रुग्णालयात एक विनोद फार जुना होता. राजमती मगदूमबाईंच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली, तर त्या आधी दाणे मोजतील आणि मग घास घेतील. हा विनोद सर्जन करायचे, सफाईच्या बायका करायच्या, कॅन्टीनवाला तर रोज करायचा. बाई प्रत्येकाला नव्याने हसून दाखवायच्या आणि कामाला लागायच्या.

त्यांचं कामच तसं होतं. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की मानेतला चरबीचा एक गोळाही काढून पॅथॉलॉजी विभागात पाठवला जाई. त्या चरबीत लसीका ग्रंथी दडलेल्या असतात. आपल्या शरीरात रक्ताखेरीज लसीका नावाचा एक पातळ रस बारीक नळ्यांमधून वाहत असतो, आणि वाटेत तो या ग्रंथींमध्ये गाळला जातो. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून निघाल्या, की बहुधा त्यांचा पहिला मुक्काम इथेच पडतो. मुक्काम पडला आहे की नाही, यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. पण त्यासाठी आधी ग्रंथी सापडायला हव्यात. काही वाटाण्याएवढ्या, काही मुगाएवढ्या, काही तर मोहरीएवढ्या. पिवळ्या चरबीत त्या डोळ्यांना दिसत नाहीत. चरबी चिमटीत धरून हळूहळू दाबत जायचं आणि बोटाखालून काही सटकलं की तिथे थांबायचं.

राजमतीबाई तेहतीस वर्षं हेच करत होत्या. किमान अठरा ग्रंथी शोधाव्यात असा नियम होता. बाई पस्तीस काढत, चाळीस काढत. चरबी पुरती रिकामी झाल्याशिवाय त्यांचे हातमोजे उतरत नसत. पॅथॉलॉजी शिकायला आलेल्या डॉक्टरांनी हात झटकून उरलेला गोळा त्यांच्याकडे सरकवावा आणि बाईंनी त्यातून आणखी दहा ग्रंथी काढून ठेवाव्यात, हे इतक्या वेळा झालं होतं की आता कुणी खजीलही होत नसे.

तीन वर्षांपूर्वी रुग्णालयात ‘मागोवा’ नावाचं संगणकी यंत्र आलं. तेव्हापासून चरबीचे गोळे कमी येऊ लागले.

मागोवा ही पॅथॉलॉजी विभागातल्याच डॉ. झीनत पटवेगार यांची करामत. त्यांना सतावणारा प्रश्न साधा होता. तोंडातली गाठ लहान असेल तर ती मानेत पसरली आहे का, हे स्कॅनमध्ये कळत नाही, कारण पळालेल्या पेशी मूठभरही नसतात. म्हणून सर्जन सरसकट सगळ्यांच्याच मानेतल्या ग्रंथी काढत. चौघांपैकी एखाद्याच्या मानेत काहीतरी निघे. उरलेल्या तिघांची मान फुकट कापली जाई, आणि त्यातल्या काहींचा खांदा कायमचा दुबळा होई, कारण खांदा उचलणारी नस त्याच चरबीतून जाते.

झीनतबाईंनी उत्तर मूळ गाठीतच शोधायचं ठरवलं. निरोगी पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे धरून ठेवणं काही जनुकांच्या हुकुमाने चालतं. त्या जनुकांत बिघाड झाला की पेशी सुटी होते. दुसऱ्या काही जनुकांत बदल झाला की गाठ लसीकेच्या नळ्यांना आपल्याकडे ओढून घेते, म्हणजे जणू स्वतःच्या दारापर्यंत रस्ता करून घेते. तिसऱ्या प्रकारच्या बदलामुळे एकटी पडलेली पेशी मरायची ती मरत नाही. यातला एखादा बदल असून भागत नाही. कोणते बदल एकत्र आले, यावर सगळं अवलंबून. अशा शेकडो जुळण्या असू शकतात आणि त्या माणसाला पाठ होणं शक्य नाही. म्हणून हे काम यंत्राला शिकवायचं.

पण शिकवायचं तर प्रश्नाबरोबर उत्तरही लागतं. प्रश्न होते अकराशे जुन्या रुग्णांच्या गाठींचे मेणात जपलेले तुकडे. उत्तर होतं, त्या रुग्णांच्या ग्रंथींमध्ये कर्करोग निघाला होता की नाही. इतर ठिकाणच्या नोंदींवर यंत्र अडखळे, कारण तिथे ग्रंथी नीट शोधलेल्याच नव्हत्या. वारणाकाठच्या नोंदींवर मात्र ते हुशार विद्यार्थ्यासारखं भराभर शिकलं.

“बाई, यंत्राचं डोकं माझं असेल,” झीनतबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “पण अक्कल तुमच्या टेबलावरून आलीय.”

आता एकोणीस रुग्णालयं मागोवा वापरत होती. रोग मानेत पसरला असण्याची शक्यता शंभरात किती, तो आकडा मागोवा देई, आणि आकडा लहान आला की मान वाचे. गेल्या वर्षात बाराशे माणसांच्या मानेला सुरी लागली नव्हती. राजमतीबाईंचं टेबल दुपारी रिकामं असे, आणि त्या रिकाम्या टेबलाकडे बघून त्यांना खरोखर बरं वाटे. येत्या सव्वीस तारखेला रुग्णालय त्यांचा सत्कार करणार होतं. नवी साडी घेतली नव्हती, पण कुठली नेसायची ते मनात ठरलं होतं.

आणि मग नेमगोंडा भाऊजींचं दुखणं निघालं.

नेमगोंडा मगदूम म्हणजे बाईंचे धाकटे दीर. वय चोपन्न. गावात त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, कारण तीस वर्षं ते मुलामुलींना मल्लखांब शिकवत होते. तरुणपणी तंबाखूच्या माव्याची सवय होती, ती सोडूनही वीस वर्षं झाली होती. पण जिभेच्या कडेला फोड आला, तो महिनाभर बरा होईना, आणि तपासणीत जे निघायचं ते निघालं. गाठ लहान होती. तुकडा मागोवाकडे गेला.

सोमवारी संध्याकाळी भाऊजी पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आले.

“वैनी, सात! शंभरात सात! डॉक्टर म्हणाले, मानेला हात लावायचं कारण नाही. जिभेचा तुकडा काढला की संपलं. गुरुवारी ऑपरेशन.”

त्यांना खांद्याचीच धास्ती होती. पोर मल्लखांबाच्या टोकावर उलटं लटकत असतं, तेव्हा खाली सर दोन्ही हात उंच करून उभे असतात. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक पोर जमिनीवर आदळलं नव्हतं. बाईंनी पेढा तोंडात घातला, देवापुढे एक ठेवला आणि मनातल्या मनात झीनतबाईंना दुवा दिला.

मंगळवारी सकाळी त्यांनी सहज म्हणून भाऊजींचा सविस्तर अहवाल उघडला.

मागोवाची एक रीत होती. ते नुसता आकडा देऊन गप्प बसत नसे. या आकड्यासाठी आपण मुख्यतः कोणत्या जुन्या रुग्णांचा आधार घेतला, त्यांचे क्रमांक ते खाली देई. झीनतबाई त्यांना ‘साक्षीदार’ म्हणत. भाऊजींच्या गाठीतली बदलांची जुळणी दुर्मीळ होती, त्यामुळे साक्षीदार नऊच. बाईंनी क्रमांक वाचले आणि खुर्ची ओढून बसल्या. नवांपैकी पाच क्रमांक बारा वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २०२७ सालच्या जून ते सप्टेंबरमधले होते.

ते चार महिने त्या विसरणं शक्य नव्हतं. त्यांचे यजमान पारिसा अंथरुणाला खिळले होते ते त्याच पावसाळ्यात, आणि सप्टेंबर अखेर गेले. बाई रोज चारला टेबल सोडून डबा घेऊन दवाखान्यात पळत. एरवी एका गोळ्याला दोन तास लागत. त्या चार महिन्यांत अठरा ग्रंथी मोजून झाल्या की त्या थांबत.

त्यांनी जुनी नोंदवही काढली. अठरा. अठरा. एकोणीस. अठरा. अठरा. पानंच्या पानं तीच संख्या. नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती. पण ज्या चरबीत त्यांना नेहमी तीस-पस्तीस सापडत, तिथे त्या अठरावर हात धुऊन मोकळ्या झाल्या होत्या, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘ग्रंथींमध्ये कर्करोग नाही.’ अशा नोंदी त्रेसष्ट. त्यातही २०२७ सालचे मेणातले तुकडे सर्वांत चांगले टिकलेले, म्हणून यंत्राने नेमकी त्या वर्षावर जास्त भिस्त ठेवली होती.

बाईंना भीती वाटली. सत्काराची वाटली, नाव जाण्याची वाटली, आणि सर्वांत जास्त भाऊजींच्या तोंडाकडे बघण्याची वाटली. सकाळभर त्या नोंदवही मिटून बसल्या. सात हा आकडा कदाचित खराही असेल, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. ते काही पटेना. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या झीनतबाईंच्या खोलीत गेल्या.

“मॅडम, यंत्राला मी खोटी उत्तरं दिलीत.”

झीनतबाईंना आधी गंमत वाटली. बाईंनी नोंदवही समोर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पारिसांचं दुखणं त्यांनी एका वाक्यात उरकलं, कारण सबब सांगितल्यासारखं त्यांना नको होतं.

“हे आकडे मी शंभर वेळा बघितलेत,” झीनतबाई पानावरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, त्या काळात नियम काटेकोर पाळला जात होता.”

“नियमच तेवढा पाळला.”

“तुम्ही बोलला नसता तर हे कुणालाही कळलं नसतं. तुम्हाला माहीत आहे ना?”

“गुरुवारी माझ्या दिराचं ऑपरेशन आहे,” बाई म्हणाल्या. “आणि तो एकटाच थोडा असणार आहे?”

त्याच दिवशी संध्याकाळी एकोणीसही रुग्णालयांना पत्र गेलं: पुढची सूचना येईपर्यंत मागोवाच्या लहान आकड्यावर विसंबून कुणाची मान सोडू नये. स्वतःच्या हाताने उभं केलेलं यंत्र थांबवणाऱ्या त्या पत्रावर सही झीनतबाईंचीच होती. बुधवारी बाईंना चौकशीची नोटीस मिळाली. सत्कार पुढे ढकलल्याचं दोन ओळींचं परिपत्रकही लागलं. कॅन्टीनवाल्याने त्या दिवशी विनोद केला नाही.

एक गोष्ट मात्र बरी होती. वारणाकाठला तपासून उरलेली चरबी फेकून देत नसत, नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या डब्यांत पंधरा वर्षं ठेवत. राजमतीबाईंनी एकच मागणी केली: ते त्रेसष्ट डबे मला परत द्या.

नऊ दिवस त्या टेबलावरून हलल्या नाहीत. बारा वर्षांत चरबी थिजलेल्या तुपासारखी घट्ट झाली होती आणि बोटांची जुनी समज कामाची राहिली नव्हती. पहिला अख्खा दिवस नव्याने शिकण्यात गेला. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरायचे, पाठ भरून यायची. शिकाऊ डॉक्टर मदतीला बसले, पण त्यांनी संपला म्हणून सांगितलेला प्रत्येक गोळा बाई पुन्हा हातात घेत. त्यांच्या बाजूला झीनतबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. हे नऊ दिवस ज्यांनी पाहिले, त्यांनी कामावरची निष्ठा म्हणजे काय ते पाहिलं. चौकशी समितीचे अध्यक्ष एकदा दारापर्यंत आले आणि काही न विचारता परत गेले.

त्रेसष्ट डब्यांतून सातशे चार ग्रंथी निघाल्या. त्यातल्या आठ रुग्णांच्या ग्रंथींमध्ये कर्करोग होता.

“आठ,” राजमतीबाई म्हणाल्या. “त्यांचं काय झालं?”

झीनतबाईंना हे सांगायचं नव्हतं, पण विचारल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. “पाच जण आहेत. तिघं दोन वर्षांच्या आत गेली. आजार उलटला.”

“ग्रंथी सापडली असती तर त्यांना रेडिएशन मिळालं असतं.”

“मिळालं असतं. वाचले असते की नाही, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.”

बाई बराच वेळ रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले, आणि चौकशीसाठी जो लेखी जबाब द्यायचा होता त्यात ती तीन नावं आपल्या हाताने लिहिली, गावासकट.

यंत्राला नवी उत्तरं देण्यात आली. बहुतेक रुग्णांचे आकडे जागचे हलले नाहीत, काहींचे उलट आणखी खाली आले. मात्र त्या एका दुर्मीळ जुळणीचं गणित पार बदललं. पाच साक्षीदारांपैकी तिघांनी साक्ष फिरवली होती. नेमगोंडा मगदूम यांचा आकडा सातावरून अडतीसवर गेला.

हे सांगायला बाई स्वतः मैदानावर गेल्या. ऑपरेशन पुढे का ढकललं, हे भाऊजींना कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि ते वैतागून पोरांचा सराव घेत बसले होते. बाईंना बघून त्यांनी पोरांना पाणी प्यायला पिटाळलं.

“अडतीस?” ऐकून ते म्हणाले. “यंत्र चुकलं व्हय?”

“यंत्र नाही, भाऊजी. मी चुकले.” आणि त्यांनी सगळं सांगितलं.

भाऊजींचा चेहरा लाल झाला. “मग गप बसायचं की! बारा वर्षं गप होताच ना? माझा खांदा गेला तर मी काय करू? खुर्ची टाकून बसू आणि शिट्टी वाजवू?”

“होय, बसा. वाजवा शिट्टी.” बाईंचाही आवाज चढला. “मी गप्प बसले असते तर खांदा राहिला असता. आणि दोन वर्षांनी तुमच्या मानेत गाठ हाताला लागली असती. ती मला न बघताच कळली असती, भाऊजी. दुसरं काही येत नसलं तरी तेवढं मला येतं.”

“तुमच्या यंत्राच्या हिशेबानं अजून बासष्ट टक्के मी चांगलाच आहे.”

“आहात ना. म्हणूनच ठरवायचं तुम्ही. मी फक्त खरा आकडा घेऊन आले.”

भाऊजींनी हाक मारून पोरांना परत बोलावलं. बाई घरी आल्या. दोन दिवस भाऊजींचा फोन नाही, निरोप नाही. मगदूमांच्या घरात एवढा अबोला कधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“वैनी, ते चार महिने कुठले म्हणाला होता? दादा दवाखान्यात होता तेच ना?”

“तेच.”

“तुम्ही साडेचारला डबा घेऊन यायचा. तोवर दादाजवळ मी बसायचो.”

“हो.”

“आधी तुम्ही सहाला यायचा. मीच एकदा म्हणालो होतो, वैनी, जरा लौकर येत जावा, माझ्या पोरांचा सराव बुडतोय. आठवतंय?”

बाईंना आठवत होतं. त्रेसष्ट डबे उपसताना ते कितीदा तरी आठवलं होतं. पण त्यांनी ते झीनतबाईंना सांगितलं नव्हतं, समितीला सांगितलं नव्हतं, आणि मैदानावर एवढा वाद झाला तेव्हाही तोंडातून काढलं नव्हतं.

“तुम्ही परवा हे माझ्या तोंडावर मारलं का नाही?” भाऊजींनी विचारलं.

“कशाला? थांबायचे ते हात माझेच थांबले ना.”

“करतो ऑपरेशन,” ते म्हणाले. “मानेचं पण. आणि ते जे काय निघंल ते तुम्हीच बघायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

नातेवाइकाचा नमुना तपासायचा नाही, असा संकेत होता. समितीने तो मोडला आणि झीनतबाईंना शेजारी बसवलं. पिवळा गोळा टेबलावर आला. राजमतीबाईंनी हातमोजे चढवले. आपण ज्या माणसाला लग्नाच्या मांडवात बावीस वर्षांचा उंडगा पोरगा म्हणून पाहिलं, त्याच्या मानेतलं हे, हा विचार त्यांनी एकदाच मनात येऊ दिला. मग बोटं चालू लागली. अठरा झाल्या. पंचवीस झाल्या. सगळ्या मऊ, निरोगी लागत होत्या. एकतिसावी मोहरीएवढी होती, एका शिरेमागे दबलेली, आणि बोटाखाली ती किंचित खरखरली. ती वेगळ्या डबीत ठेवून त्या पुढे शोधत राहिल्या. त्रेचाळीसला चरबी संपली.

दोन दिवसांनी झीनतबाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या आणि त्यांनी बाईंना बसायला जागा करून दिली. त्रेचाळीसांपैकी बेचाळीस स्वच्छ. एकतिसावीत निळ्या-जांभळ्या पेशींचा एक एवढासा पुंजका होता. तिथून तो पुढे कुठेही गेलेला नव्हता.

भाऊजींना सहा आठवडे रेडिएशन मिळालं. खांद्याची नस सर्जनने शिकस्त करून राखली होती, पण ती दुखावली होतीच. उजवा हात छातीपर्यंत येई आणि तिथेच थांबे. मागोवा एकोणीस रुग्णालयांत पुन्हा सुरू झालं. नियमपुस्तकातलं ‘किमान अठरा’ खोडून झीनतबाईंनी तिथे ‘चरबी संपेपर्यंत’ असं लिहून घेतलं. चौकशीचा निकाल लागला: राजमतीबाईंना ताकीद, वर्षभराची पगारवाढ बंद. त्यांनी त्यावर सही केली आणि टेबलावर जाऊन बसल्या. सत्काराचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही.

उपचार संपले त्या रविवारी भाऊजी घरी आले. वाळले होते, गळ्याभोवती मफलर होता, आवाज अजून घोगरा होता. बाई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या.

“वैनी, किती निघाल्या होत्या हो एकूण?”

“त्रेचाळीस.”

“आणि ती कितवी?”

“एकतिसावी.”

भाऊजींनी मान हलवली. मनातल्या मनात त्यांनी अठरापासून एकतीसपर्यंतचं अंतर मोजलं असावं. मग नमस्कारासाठी त्यांनी दोन्ही हात उचलले. डावा वर गेला, उजवा छातीशीच अडला. क्षणभर ते त्या हाताकडे बघत राहिले.

बाई म्हणाल्या, “राहू दे, भाऊजी.”

पण त्यांनी ते राहू दिलं नाही. डाव्या हाताने त्यांनी वहिनींचा पुरणाने भरलेला हात धरला, वर घेतला, आणि ती बोटं आपल्या कपाळाला लावली.